अंगठ्याच्या पेराएवढा देव

घरी पूजायची मूर्ती केवढी असावी, याचे उत्तर मत्स्यपुराणाने हाताच्या मापात दिले आहे. अंगठ्याच्या एका पेरापासून वितीपर्यंत. त्याहून मोठी मूर्ती घरात नको, तिची जागा देवळात. परळीला वैद्यनाथाच्या देवळाबाहेर किंवा बीडच्या भांड्यांच्या दुकानांत नव्या घरासाठी देव घ्यायला आलेले जोडपे आजही मूर्तीची उंची विचारते, पण ती देव्हाऱ्याच्या कप्प्यात मावेल का हे पाहण्यासाठी. पुराणकारापुढे कप्पा नव्हता, हात होता. जी मूर्ती एका हाताने उचलून ताम्हनात ठेवता येते, दुसऱ्या हाताने तिच्यावर पळीभर पाणी घालता येते, जी पुसून, गंध लावून पुन्हा जागेवर बसवता येते, ती घरातली मूर्ती. देवळातला देव जागचा हलत नाही, माणसे त्याच्याकडे जातात. घरातल्या देवाला मात्र रोज कोणीतरी हातात घ्यायचे असते.

हे माप नीट ध्यानात घेतले की देव्हाऱ्यात कोणते देव ठेवावेत या प्रश्नाचे रूपच बदलते. कोणता देव शुभ, कोणता कडक, कोणाच्या पूजेने घरात पैसा येतो, हा विचार मागे पडतो. या देवाला रोज आंघोळ कोण घालणार, त्याचे या घराशी नाते काय, आणि घरात ती सेवा करणारे हात उद्याही असतील का, हे प्रश्न पुढे येतात. त्यांची उत्तरे शोधायला बीड जिल्ह्याइतका समृद्ध मुलूख क्वचित मिळेल. एका टोकाला परळीचे ज्योतिर्लिंग, दुसऱ्या टोकाला गोदाकाठचे राक्षसभुवन आणि पांचाळेश्वर, मध्ये अंबाजोगाई, कपिलधार, नारायणगड. मूर्ती पूजणारे, लिंग अंगावर बाळगणारे आणि मूर्तिपूजा न मानणारे असे सगळे इथे शेकडो वर्षे शेजारी राहिले आहेत.

देव्हाऱ्यातले बरेचसे देव खरे तर निवडायचे नसतातच. ते आधीच ठरलेले असतात. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात, भिंतीतल्या देवळीत किंवा लाकडी देव्हाऱ्यात, सर्वांत आधी नजरेला पडतात ते टाक. ठशावर उमटवलेला चांदीचा लहानसा पत्रा. त्यावर घोड्यावर बसलेला खंडोबा आणि सोबत म्हाळसा, दुसऱ्यावर महिषासुराला मारणारी तुळजाभवानी, कुठे जोतिबा, कुठे बिरोबा, कुठे घराण्यातला एखादा वीर पूर्वज. कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर टाक साधे असतात. पिढ्यान्‌पिढ्या चोळून त्यांवरचे नाकडोळे पुसट होतात, तलवार कुठली आणि लगाम कुठला हे घरच्यालाच सांगता येते. तरीही नव्या घरासाठी देव जमवताना पहिली चौकशी या टाकांचीच व्हायला हवी. बाजारातली सुबक मूर्ती कोणत्याही घरची असू शकते, टाक मात्र त्या एका घराचा असतो.

टाकांची आणखी एक खूण आहे. ते प्रवास करतात. लग्नानंतर किंवा नवस फेडायला जेजुरीला जाणारी घरे आपले टाक सोबत नेतात आणि घरच्या खंडोबाची गडावरच्या खंडोबाशी भेट घडवतात. या देवभेटीमागची समजूत खोल आहे. देव्हाऱ्यातला देव स्वतंत्र नाही, तो मूळ ठाण्याची घरात आलेली शाखा आहे, आणि ते नाते अधूनमधून ताजे करावे लागते. बीड जिल्ह्यातून नवरात्रात तुळजापूरला चालत जाणारी माणसे हेच नाते पायांनी जपतात. म्हणून कुलदैवताची मूर्ती घेताना ‘छान दिसते’ हा निकष अपुरा पडतो. मूळ ठाण्यावरच्या रूपाशी तिचे साम्य असावे. माहूरची रेणुका म्हणजे शेंदूर चढलेला भव्य मुखवटा. तिच्या जागी दुकानातली कुठलीही चतुर्भुज देवी आणून बसवली तर चूक होणार नाही, पण ओळख पुसली जाईल.

शहरात वाढलेल्या अनेकांना आपले कुलदैवत ठाऊक नसते. अशा वेळी यादी पाहून किंवा आडनावावरून अंदाज बांधून देव ठरवण्यापेक्षा भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, लग्नकार्यात घरी कोणाचा गोंधळ किंवा जागरण घातले जाते ते आठवावे. गोंधळ घातला जात असेल तर घर देवीचे, जागरण असेल तर खंडोबाचे, हा धागा सहसा दगा देत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांची नावे आणि मूळ गावे सापडतात आणि मूळ गावावरून दैवतापर्यंत पोहोचता येते. हे कष्टाचे काम आहे, पण देव्हारा लावण्याची खरी सुरुवात तिथून होते.

दुसरे देव येतात सुनेबरोबर. लग्नात गौरीहर पुजून झाल्यावर मुलगी माहेरून अन्नपूर्णा घेऊन निघते. कित्येक घरांत सोबत रांगता बाळकृष्णही दिला जातो. सासरच्या देव्हाऱ्यात या दोन लहान पितळी मूर्ती टाकांशेजारी बसतात. अन्नपूर्णेच्या हातात पळी असते आणि तिला वाटीभर तांदळात बसवतात. प्रत्येक पिढीत अशी एक अन्नपूर्णा येत राहिली तर जुन्या वाड्याच्या देव्हाऱ्यात आजेसासूची, सासूची आणि सुनेची अशा तीन अन्नपूर्णा दिसू शकतात. कुळ पुरुषांच्या नावाने चालत असले तरी देव्हारा असा बायकांच्या पावलांनी भरत आला आहे. ही गोष्ट धर्मावर बोलणारे फारशी सांगत नाहीत. सांगायला हवी.

अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या कथांमध्येही हा धागा आहे. मराठवाड्याच्या या गावातली देवी शेकडो मैल दूर, समुद्राकाठच्या कोकणस्थ ब्राह्मणांपैकी कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी आहे. एका आख्यायिकेनुसार परशुरामाने वसवलेल्या कोकणातल्या मुलांना वधू अंबाजोगाईहून मिळाल्या आणि मुलीकडच्यांनी अट घातली की आमची देवी तुमची कुलदेवता व्हावी. इतिहास म्हणून या कथेवर भार टाकता येत नाही. पण देवी मुलीबरोबर सासरी जाते, हे तिने अचूक पकडले आहे. स्वतः योगेश्वरीची कथा उलट आहे. परळीच्या वैद्यनाथाशी तिचे लग्न ठरले, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिका म्हणून अंबाजोगाईतच राहिली. म्हणून तिचा टाक देव्हाऱ्यात जोडीदाराशिवाय, एकटा बसतो.

याच गावात दासोपंत झाले. काळ १५५१ ते १६१५. दत्तभक्त, अफाट लिहिणारे, आणि कापडाच्या भल्यामोठ्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून ठेवणारे. त्यांच्या वंशजांची अंबाजोगाईत दोन ठिकाणे आहेत: थोरले देवघर आणि धाकटे देवघर. संतांच्या घराण्यांना मठ, संस्थान, गादी अशी नावे मिळतात. इथे नाव मिळाले देवघराचे, आणि तेही घरातल्या भावंडांसारखे थोरले-धाकटे. अंबाजोगाईचा माणूस ‘देवघर’ म्हणतो तेव्हा त्याला खोली अभिप्रेत नसते, दत्ताची पिढीजात पूजा चालणारी एक अखंड जागा अभिप्रेत असते.

दासोपंतांकडे पाहिले की मूर्तीबद्दलचा एक जुना वाद निराळा दिसू लागतो. पंचीकरण म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांच्या मिश्रणातून देह आणि जग कसे घडले याचे वेदान्तातले विवेचन. सगळे रूप शेवटी पाच भूतांत विरते, हे ज्याने पासोडीभर लिहिले, त्यानेच दत्ताच्या सोळा अवतारांची उपासना रूढ केली. त्या प्रत्येक रूपाला वेगळे नाव आहे, कालाग्निशमन, लीलाविश्वंभर, सिद्धराज. दासोपंतांच्या आधी सुमारे चारशे वर्षे, ११८८ मध्ये, मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’त निराकार ब्रह्माचे निरूपण केले आणि त्यांची समाधीही अंबाजोगाईतच दाखवतात. निराकार मानणाऱ्याला मूर्ती नको आणि मूर्ती पूजणाऱ्याला निराकार कळत नाही, ही विभागणी इथल्या विचाराला कधी पटलेली नाही. मूर्ती म्हणजे ईश्वराचे छायाचित्र, असे दासोपंत मानत असते तर सोळा चित्रांपैकी पंधरा खोटी ठरली असती. त्यांच्या लेखी रूप ही ईश्वराची मर्यादा नव्हती, भक्ताची सोय होती.

भागवताच्या अकराव्या स्कंधात, सत्ताविसाव्या अध्यायात, प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले आहेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, चित्रातली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. पैठणच्या एकनाथांनी या स्कंधावरची आपली टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. म्हणजे गोदावरीच्या या पट्ट्यात चारशे वर्षांहून अधिक काळ ही आठ प्रकारांची यादी मराठीतून वाचली जाते आहे. तिच्यात पाहण्यासारखे हे, की मनात कल्पिलेली प्रतिमा दगडाच्या आणि रत्नाच्या पंक्तीला बसवली आहे. ती गरिबाची तडजोड म्हणून शेवटी जोडलेली नाही. त्याच अध्यायात स्थिर आणि चल असा भेद आहे. स्थिर, म्हणजे कायमची प्रतिष्ठा केलेल्या मूर्तीला आवाहन-विसर्जन नाही. चल मूर्तीला ते केले तरी चालते, न केले तरी चालते. स्थंडिलावर, म्हणजे जमिनीवर आखलेल्या जागेत, पूजा केली तर दोन्ही हवे. घरातले देव चल असतात. मूर्ती घरी आणून मोठा प्राणप्रतिष्ठेचा विधी केला नाही तर पूजा निष्फळ, अशी भीती घालणाऱ्यांना हा अध्याय दाखवावा.

पंचायतनाची पद्धत तर या बाबतीत फार मोकळी आहे. गणपती, शिव, विष्णू, सूर्य, देवी हे पाच देव. जो इष्ट असेल तो मध्ये, बाकीचे चार कोपऱ्यांत. परंपरा या पद्धतीचे श्रेय आद्य शंकराचार्यांना देते. निवड आहे, पण ती मध्ये कोणाला बसवायचे एवढीच. बाहेर कोणालाच काढायचे नाही. आणि पारंपरिक पंचायतनात नाकडोळे असलेली एकही मूर्ती नसते. विष्णू म्हणजे गंडकी नदीतला शाळिग्राम, शिव म्हणजे नर्मदेतला बाण, गणपती म्हणजे शोण नदातला तांबूस दगड, सूर्य म्हणजे स्फटिक, देवी म्हणजे सोनेरी छटेचा धातुपाषाण. हे पाचही खडे मुठीत मावतात. परळीच्या ज्योतिर्लिंगाचे भक्त असलेल्या घराला शिवाची भव्य ध्यानस्थ मूर्ती घेण्याची गरज नाही. नर्मदेचा एक बाण पुरेसा आहे, आणि वैद्यनाथाच्या गाभाऱ्यातल्या रूपाशी त्याचेच नाते अधिक जवळचे आहे.

संख्येचेही नियम आहेत. एका घरात दोन शिवलिंगे, दोन शाळिग्राम, दोन शंख, दोन सूर्य पुजू नयेत. तीन गणपती आणि तीन देवी नकोत. पुरोहितांच्या तोंडी हे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याचे कारण कोणी अपशकुनात शोधते. थोडा विचार केला तर वेगळे कारण दिसते. तीर्थयात्रा करून येणारा प्रत्येकजण एक मूर्ती आणतो, सत्कारात एक मिळते, लग्नात दोन येतात. देव्हारा भरत जातो आणि पूजा पातळ होत जाते. नियमाने संख्या आवरली ती सेवा आवाक्यात राहावी म्हणून, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. अन्नपूर्णांच्या बाबतीत घरोघरी हा नियम सैल होतो, कारण तिथे सासूची आठवण नियमाहून मोठी ठरते. तेही योग्यच.

आता भीतीचा विषय. गेल्या काही वर्षांत देवांच्या निवडीभोवती निषेधांची एक नवी बाजारपेठ उभी राहिली आहे. उभी लक्ष्मी ठेवू नये, ती निघून जाते. एकटा कृष्ण नको, राधा हवी. शस्त्रे घेतलेली, उग्र देवी घरात कलह आणते. उजव्या सोंडेचा गणपती चुकूनही आणू नये. नव्या घराचे हप्ते फेडणारी, आजारपणाने किंवा मुलांच्या काळजीने आधीच दबलेली माणसे हे ऐकून जुने देव बदलतात, त्यांवर खर्च करतात, आणि पूर्वजांनी पुजलेला देव आपल्या दुःखाचे कारण होता अशी खूणगाठ मनात बांधतात. भक्ताच्या मनात त्याच्याच देवाविषयी संशय पेरणे हे पाप आहे.

या निषेधांना उत्तर द्यायला ग्रंथ उघडावे लागत नाहीत. बीडमधल्या कोणत्याही जुन्या घरात भाद्रपदात जावे. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोन महालक्ष्म्या तिथे साडी नेसून, दागिने लेवून उभ्या असतात. मराठवाड्याच्या या सर्वांत मोठ्या घरगुती सणाची लक्ष्मीच उभी आहे, आणि सासूकडून सुनेकडे आलेले तिचे मुखवटे वर्षभर त्याच घरात जपून ठेवलेले असतात. विठ्ठल तर विटेवर उभाच आहे. घरोघरच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण एकटाच रांगतो आहे. योगेश्वरी एकटी आहे. टाकावरची भवानी असुराला मारते आहे, खंडोबाच्या हाती तलवार आहे, आणि अशा देवांच्या सावलीत इथल्या घरांनी पिढ्या वाढवल्या आहेत. उजव्या सोंडेचा अष्टविनायकांतला एकमेव गणपती सिद्धटेकला आहे, आष्टी तालुक्याला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात. त्याच्या सोवळ्याचे नियम कडक मानतात, हे खरे. जिथे ते पाळायला माणूस नाही त्या घराने ती मूर्ती घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. तो सेवेचा हिशेब आहे, शापाचा नव्हे.

काही देव घरात बसवायचे नसतात, ही समजूत मात्र जुनी आहे आणि तिच्यात शहाणपण आहे. गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला गोदेकाठी शनीचे ठाणे आहे; साडेतीन शनिपीठांत त्याची गणना करतात. शनिअमावस्येला तिथे गर्दी लोटते, पण तेल वाहून परतणारा भाविक शनीची मूर्ती घरी आणत नाही. म्हसोबा शेताच्या बांधावर असतो, मरीआई वेशीवर, मारुती पारावर. गावाने देवांना जागा वाटून दिल्या आहेत: काही राखणीला, काही न्यायाला, काही माजघरात. घरातला देव कोणता, हे ठरवताना बाहेरचे कोणते हेही कळायला हवे.

मूर्ती न ठेवण्याची निवडही याच जिल्ह्यात झालेली आहे. राक्षसभुवनच्या टापूतच पांचाळेश्वर आहे, महानुभावांचे आत्मतीर्थ. दत्तात्रेय रोज भोजनाला इथे येतात अशी श्रद्धा आहे. पण महानुभाव पंथ देवतांच्या मूर्ती पूजत नाही. पाच कृष्णांचे स्मरण, चक्रधरांसारख्या अवतारांच्या स्पर्शाने पावन झालेली स्थाने आणि वस्तू यांना तो वंदन करतो. बीड तालुक्यातल्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. ‘परमरहस्य’ हा त्यांचा मराठी ग्रंथ लिंगायत घरांत वाचला जातो आणि कार्तिकी पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. लिंगायताचा देव्हारा त्याच्या अंगावर असतो. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पुजायचे आणि पुन्हा गळ्यात धारण करायचे. मूर्ती हाताच्या मापाची असावी हा विचार इथे पूर्ण टोकाला गेला आहे. दत्तभक्तांमध्येही पुष्कळ घरे मूर्तीऐवजी पादुका ठेवतात, कारण गाणगापूर आणि नृसिंहवाडीला पूजा पादुकांचीच आहे.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतरची निवड. नागपूरच्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांनी हिंदू देवदेवतांची उपासना सोडण्याचे वचन दिले आणि मराठवाड्यातल्या अनेक घरांनी देव्हाऱ्यातले टाक आणि मूर्ती बाहेर काढल्या. ज्या देवाच्या देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्याला घरात का पुजावे, हा प्रश्न त्यामागे होता. देव्हाऱ्यावर लिहिणाऱ्याने तो टाळून पुढे जाऊ नये. घरात देव कोणता असावा हे ठरवण्याइतकाच तो नसावा हे ठरवण्याचाही माणसाला अधिकार आहे, आणि त्या घरांनी तो मोठ्या विचाराने वापरला.

तसबिरींचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. चित्रातली प्रतिमा भागवताच्या आठ प्रकारांत आहेच. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि रंगीत छापील लक्ष्मी-सरस्वती सामान्य घरांच्या भिंतींवर आल्या; ज्यांना चांदीचा टाक परवडत नव्हता त्यांच्याही. आज बीडच्या खेड्यांत विठ्ठल-रुक्मिणीच्या तसबिरीशेजारी भगवानबाबांची, वामनभाऊंची तसबीर असते. संतांची तसबीर देव्हाऱ्यात की भिंतीवर, यावर वाद होतात. वारकरी घराला हा वाद जाचत नाही. ते संताला देवाच्या शेजारी पाहतच आले आहे. गेलेल्या आईवडिलांचा फोटो मात्र वेगळा असावा. त्यांना देवात बसवायचे असेल तर टाकाची रीत आहे, आणि ती कुळाच्या संमतीने होते.

धातू आणि दगड यांबद्दल थोडे व्यवहाराचे. रोज आंघोळ घालायची असेल तर भरीव पितळ, तांबे, चांदी किंवा पंचधातू. पोकळ मूर्तीच्या आत पाणी साचते आणि हिरवा गंज धरतो. संगमरवर देखणा असतो, पण तेल, गंध, कुंकू शोषून डागाळतो. सोनेरी मुलामा दिलेल्या राळेच्या मूर्ती पंचामृताने आठवड्याभरात निस्तेज होतात. त्या शोभेच्या कपाटासाठी आहेत. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत बंदी आणली. गणपती आणि महालक्ष्म्यांसाठी शाडू किंवा गावची माती अधिक चांगली. आणि बीडमध्ये पाण्याचा विचार केल्याशिवाय पूजेचा विचार पुरा होत नाही. टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला रोजचा अभिषेक सांगणे निर्दयपणाचे आहे. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य ही पंचोपचार पूजा शास्त्राला मान्य आहे. ओल्या फडक्याने पुसलेला पेराएवढा देव दुष्काळातही स्वच्छ राहतो. दोन फुटी मूर्ती घेतलेल्या घराला ही मोकळीक नाही.

इथे ऊसतोडीचा विषय येतोच. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातले लाखो मजूर मुकादमाच्या ट्रकमधून सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. मागे म्हातारी माणसे असतील तर देवांना दिवा लागतो. घराला कुलूप लागणार असेल तर? देव तांदळात ठेवून जाण्याची रीत आहे, भावकीत पूजेला देण्याची आहे, संपुष्टात घालून बरोबर नेण्याचीही आहे. यांपैकी काही केले म्हणून देव कोपत नाही. रोज पहाटे फडात उतरणाऱ्या नवराबायकोला कोपीत देव्हारा मांडता येत नाही, पण ती दोघे भागवताच्या यादीतल्या मनातल्या प्रतिमेची पूजा करू शकतात, आणि एकनाथांच्या टीकेने ती पूजा मराठीत त्यांच्यापर्यंत पोहोचवली आहे.

दुसरीकडे गावची घरे कायमची बंद होत आहेत. मुले पुण्यात, मुंबईत, परदेशात. आईवडील गेले, वाड्याला कुलूप लागले, आणि देव्हाऱ्यात चाळीस-पन्नास देव उरले. कोणाकडे न्यायचे? जुनी पद्धत स्पष्ट आहे. कुलदैवताचे मूळ टाक थोरल्याकडे, धाकट्यांनी तशाच रूपाचे नवे करून घ्यायचे. अंबाजोगाईच्या थोरल्या-धाकट्या देवघरांची नावे याच व्यवस्थेच्या ओळखीची आहेत. एकच बहीण मागे उरली असेल तर तिने माहेरचे देव सांभाळायला कोणताही खरा धर्म अडवत नाही. अन्नपूर्णा तिच्याबरोबर जातेच, खंडोबाही जाऊ शकतो.

बाकीच्यांसाठी घाईने नदी गाठू नये. जायकवाडीच्या खाली उन्हाळ्यात गोदापात्रात वाहते पाणी क्वचितच असते. तिथे सोडलेले देव वाळूत उघडे पडतात आणि ते पाहवत नाही. झिजलेला टाक हा भंगलेला टाक नव्हे, तो पुजत राहावा. खरोखर भंगलेली धातूची मूर्ती ओताऱ्याकडे देऊन त्याच धातूची नवी करून घेता येते. तिसरा गणपती भाच्याच्या नव्या घरी द्यावा, दुसरा बाळकृष्ण पुतणीच्या लग्नात तिच्या ओटीत घालावा. देताना तो कोणाचा होता, कोणत्या साली कोणी आणला, त्याला कोणता नैवेद्य चालतो, हे एका चिठ्ठीवर लिहून मूर्तीसोबत ठेवावे.